कूलर बंद ठेवलेला उन्हाळा

परवा दुपारी माधवगंजात लू सुरू झाली. पुण्याकडच्या नातेवाइकांना ही लू काही केल्या समजावून सांगता येत नाही. ते म्हणतात, ऊन काय आमच्याकडेही असतंच. असतं ना, पण तुमचं ऊन घामाचं. आमच्याकडे घाम यायच्या आधीच वाळतो. राजस्थानाच्या अंगाने असा कोरडा वारा सुटतो की दाराची कडी हाताला चटका देते, अंगणातल्या नळाचं पाणी कोमट येतं आणि बारा वाजले की सगळं ग्वाल्हेर दारं-खिडक्या लावून आत बसतं. रस्त्यावर उरतात ती फक्त डोक्याला साफी गुंडाळलेली माणसं. साफी म्हणजे आमच्या इकडचा सुती पंचा. तो डोक्याला बांधतात, घाम पुसतात, वेळ पडली तर त्यात भाजीही आणतात.

लू आली की गल्लीत कूलर निघतात. गेल्या वर्षीच्या जाळ्या धुवायच्या, जुनं खस, म्हणजे वाळा, काढून नवं भरायचं, टाकीत पाणी सोडायचं. पंखा पहिल्यांदा फिरला की ओल्या खसाचा वास घराघरांतून रस्त्यावर येतो. त्या वासाने लोकांना बरं वाटतं. मी मात्र तो वास आला की अजून खिडकी लावून घेते. परवाही लावत होते, आणि नेमका तेव्हाच फोन वाजला. स्क्रीनवर जे नाव होतं ते चार वर्षांनी दिसत होतं. माझी प्रयोगशाळा बंद करावी, अशी शिफारस ज्यांनी लिहिली होती त्या समितीच्या अध्यक्षांचं. मी फोन उचलला नाही. म्हटलं, वाजू दे थोडा. मी एक अख्खा उन्हाळा वाट पाहिली होती, त्यांना एक दुपार थांबायला काय होतंय?

मी भौतिकशास्त्र शिकवते. सिटी सेंटरच्या बाजूला आमचं कॉलेज आहे आणि त्याच्या सर्वांत वरच्या मजल्यावर, गच्चीच्या थेट खाली, माझी खोली. ती मला मिळाली कारण ती दुसऱ्या कुणालाच नको होती. स्लॅब इतका तापतो की एप्रिलनंतर तिथे बसणाऱ्याकडे लोक सहानुभूतीने पाहतात. त्या खोलीत एक निर्वात पेटी आहे, जुना पंप आहे, आणि तिथे आम्ही अगदी लहानशी वस्तू बनवतो. खडूच्या तुकड्याएवढी.

तिचं काम सांगायला हवं, नाहीतर माझा राग कुणाला कळणार नाही. हल्ली टिफिनच्या पिशवीत मावतील असे उपग्रह बनतात. आकाशात आपली जागा धरून राहायला ते विजेवर चालणारं छोटंसं इंजिन वापरतात. हे इंजिन वायूच्या कणांना धन भार देतं आणि मागे जोरात फेकतं. कण मागे गेले की उपग्रह पुढे सरकतो. इथवर सगळं छान. पण नुसतं धन बाहेर टाकत राहिलं तर उपग्रहावर ऋण साचत जातं, आणि थोड्याच वेळात तो आपण फेकलेलेच कण परत स्वतःकडे ओढायला लागतो. इंजिन चालू, वीज खर्च होतेय, आणि प्रगती शून्य. म्हणून इंजिनाच्या शेजारी एक उत्सर्जक बसवतात. त्यात टंगस्टनची सच्छिद्र पुंगळी असते, तिच्या बारीक भोकांत बेरियमचे क्षार मुरवलेले असतात. ती तापून नारिंगी झाली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेर गेलेल्या धनाइतकंच ऋण बाहेर जातं, बरोबरी होते, आणि मगच उपग्रह खऱ्या अर्थाने हलतो.

इंजिनाचे फोटो छापून येतात तेव्हा सगळे तो निळा झोत बघतात. कडेला एक नारिंगी ठिपका असतो, तो आमचा. लग्नाच्या फोटोत अगदी कडेला उभी असलेली आत्या असते ना, तसा. सगळं लग्न तिने पार पाडलेलं असतं आणि अल्बममध्ये तिचा अर्धाच चेहरा येतो.

असली वस्तू ग्वाल्हेरात कशाला बनवायची, हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की उत्तर द्यायचंच मी सोडलं. आमची घराणी दख्खनेतून इथे दरबारी कारकुनी करायला आली, आणि आता आमची मुलं उलट्या वाटेने पुण्याला, बंगळुरूला जातात. लष्कर म्हणजे ग्वाल्हेरचा जुना शहरभाग, तिथल्या प्रत्येक मराठी घरात एक खोली अशी असते की जिच्यात सणापुरताच दिवा लागतो. माझ्या वर्गमैत्रिणी दिवाळीला येतात आणि हळू आवाजात विचारतात, "तू अजून इथंच?" जणू मला काही आजार आहे. हो, मी अजून इथंच. गेलेल्यांवर माझा राग नाही. पण राहिलेली सगळी माणसं मागे पडलेली असतात, हे मला मान्य नाही आणि तेव्हाही नव्हतं.

चार वर्षांपूर्वी दक्षिणेतल्या एका छोट्या कंपनीने आमचा उत्सर्जक आपल्या उपग्रहावर बसवायचं ठरवलं. अट एकच होती. त्यांच्या समितीसमोर तो पेटून दाखवायचा. पेटला तर आमचा तुकडा वर जाणार आणि खोलीला पुढची काही वर्षं काम मिळणार. नाही पेटला तर ते परदेशातून आणणार आणि खोली कॉलेजला परत, जुन्या कागदांचे गठ्ठे ठेवायला. प्राचार्यांनी तर कपाटांची मापंही घेऊन ठेवली होती. वर्षभराच्या मेहनतीतून उडवण्याजोगे दोनच तुकडे तयार झाले होते.

समिती एप्रिलच्या शेवटी आली. आणि आम्ही ती चूक केली जी फक्त ग्वाल्हेरचीच माणसं करू शकतात. आम्ही पाहुणचार केला.

दक्षिणेकडची माणसं, त्यांना लू सोसायची नाही, म्हणून मी घरचा मोठा कूलर रिक्षातून खोलीत नेला. नवं खस भरलं. टाकीत माझ्या हातांनी बर्फ टाकला. माझी सहकारी श्रुती माझ्याकडेच पीएचडी करते, ग्वाल्हेरच्याच मुरार भागातली मुलगी, घरी मराठी आणि बाकी सगळीकडे हिंदी बोलणारी. ती म्हणाली, "ताई, मस्त ठंडक झाली. ते लोक एकदम खुश होतील." खरंच झाले. कैरीचं पन्हं प्यायले, खसाच्या वासाचं कौतुक केलं, त्या गार ओल्या वाऱ्यात बसून तासभर गप्पा मारल्या. आणि तेवढा वेळ आमचा तुकडा टेबलावर उघडा होता, पाहुण्यांना हातात न घेता बघता यावा म्हणून, कूलरच्या बरोब्बर समोर.

मग तो पेटीत बसवला, हवा काढली, तापवला. नारिंगी झाला. आम्ही मीटरकडे पाहत राहिलो. काटा हलला नाही. श्रुतीने हीटर वाढवला, पुंगळीतून सोडलेला वायू वाढवला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, करंट चढतच नाहीये. मतलब, लाल तर पूर्ण झालाय, पण निघत काहीच नाहीये त्याच्यातून." पाहुणे सभ्य होते. पाच वाजेपर्यंत थांबले, घड्याळाकडे पाहिलं, आभार मानून गेले.

अहवालात लिहिलं होतं की उन्हाळ्यातली स्थानिक परिस्थिती पाहता अशा नाजूक कामासाठी ग्वाल्हेर योग्य वाटत नाही, आणि हे काम दुसरीकडे हलवावं. तुकडा खराब आहे असं म्हटलं असतं तर मी रडले असते आणि गप्प बसले असते. पण शहर खराब आहे म्हणाले. ते वाक्य मी दोनदा वाचलं आणि माझं डोकं जे तापलं ते जूनपर्यंत उतरलं नाही.

राग येणं सोपं, पण तुकडा का मेला हे कळत नव्हतं. ओळखीच्या दोन-तीन तज्ज्ञांना लिहिलं, उत्तरं आली नाहीत. एका संध्याकाळी पाटणकर बाजारातून घरी येताना एका जिन्याशी पाय थांबले. वर निकमकाकांचं दुकान. काका आमच्या बाबांच्या वयाचे. त्यांचे पणजोबा फौजेत होते, आजोबाही फौजेत, आणि काकांनी मात्र आयुष्यभर टीव्हीच्या पिक्चर ट्यूब दुरुस्त केल्या. जुन्या टीव्हीचं चित्र फिकं पडलं की लोक ट्यूब त्यांच्याकडे आणत. काका तिची मान कापत, आतला इलेक्ट्रॉन सोडणारा भाग बदलत, पुन्हा हवा काढत, भाजत, बंद करत. लहानपणी आमचाही टीव्ही बाबांनी त्या जिन्यावरून वर नेला होता. तेव्हा काकांनी सांगितलेलं वाक्य मला अजून आठवत होतं, "इसकी एमिशन बैठ गई है." एमिशन म्हणजे उत्सर्जन. म्हणजे मी ज्या गोष्टीवर प्रबंध लिहिला होता, ती काका मी शाळेत असल्यापासून दुरुस्त करत होते. आणि मी तज्ज्ञांना पत्रं लिहीत बसले होते. स्वतःची लाज वाटली.

दुकानात आता मोबाइलची कव्हरं लटकत होती, ती त्यांचा मुलगा विकतो. काका कोपऱ्यात बसले होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि एकच प्रश्न विचारला.

"मेधा बेटा, खोलीत कूलर लावला होता का?"

"हो काका. पाहुणे होते ना."

"मग तूच मारलंस त्याला."

बेरियमला ओल सोसत नाही हे मला पुस्तकातून पाठ होतं. मुलांना शिकवलं होतं, परीक्षेत प्रश्नही काढला होता. पण कूलर म्हणजे ओल हे डोक्यात आलंच नाही. आमच्यासाठी कूलर म्हणजे गारवा, कूलर म्हणजे आदरातिथ्य. "आमच्या इथे मे महिन्यात कूलर कधीच नाही चालला," काका म्हणाले, "बनियनवर काम केलं. लोक म्हणायचे, निकम पागल आहे. अगं, लू चालते तेच तर आमचे काम करायचे दिवस. इतकी सुकी हवा बारा महिन्यांत दुसरी कधी मिळते? पाऊस आला की दुकान अर्धं बंद."

म्हणजे ज्या परिस्थितीला समितीने दोष दिला होता, ती परिस्थितीच आमच्या बाजूची होती. आम्हीच तिच्यावर पाणी शिंपडलं होतं. त्या रात्री मी समितीला पत्र लिहिलं. कूलर आम्ही लावला, चूक आमची आहे, हवेची नाही. एक तुकडा शिल्लक आहे, पावसाच्या आधी पुन्हा या. अध्यक्षांचं उत्तर एका ओळीत आलं: जूनच्या पहिल्या आठवड्यात येईन, त्यानंतर नाही.

मग तो महिना. आज आठवला तरी ओठ कोरडे पडतात. शहर ज्या वेळी दारं लावायचं, त्या वेळी आम्ही खिडक्या उघडायचो. बारा ते तीन, भर लूमध्ये. तुकड्याची जागा, हीटरचं अंतर, एकेक गोष्ट जुळवायला पेटी उघडावी लागे, आणि ती फक्त त्याच वेळेत उघडायची असं काकांनी ठरवून दिलं. ते रोज अकरा वाजता टमटमने यायचे. जिना चढायला त्यांना दहा मिनिटं लागायची, पण हात धरू द्यायचे नाहीत.

उघडायच्या आधी एक परीक्षा असायची. काका आपली साफी पाण्यात बुडवून पिळायचे, गच्चीच्या कठड्यावर टाकायचे आणि चहा मागायचे. कप संपायच्या आत साफी कडक वाळली तर पेटी उघडायची. ओलसर राहिली तर त्या दिवशी हात लावायचा नाही. श्रुतीला पहिल्या दिवशी हसू आलं. "काका, आपल्याकडे आर्द्रता मोजायचं मीटर आहे, डिजिटलवालं." काका म्हणाले, "तू तुझं बघ, मी माझं बघतो." ती आठवडाभर दोन्ही बघत राहिली. मग एक दिवस मी नोंदवहीत पाहिलं तर तिने मीटरच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना आखला होता. वर लिहिलं होतं, साफी. खाली, 'अर्धा कप', 'पाऊण कप', आणि एका ढगाळ दिवसापुढे, 'ओली. नाही उघडलं.'

आई रोज ओरडायची. म्हणायची, "वेड लागलंय का, तब्येत खराब करून घेशील." कांदा खिशात ठेव म्हणायची, आणि मी ठेवायची. लू लागू नये म्हणून आमच्याकडे ठेवतात. विज्ञानाची पदवी बाजूला ठेवून सांगते, मला लू लागली नाही. माठातलं पाणी, सत्तू, दुपारी श्रुतीने आणलेली काकडी. ओठ फुटले होते, नाकातून एकदा रक्त आलं. शेजारच्या विभागातले प्राध्यापक जिन्यातून डोकावून म्हणाले, "मॅडम, इतनी ज़िद ठीक नहीं." मी म्हटलं, ठीकच आहे. प्राचार्यांची कपाटं खाली व्हरांड्यात येऊन थांबली होती. त्यांच्या बाजूने जाताना मी दर वेळी मुद्दाम कपाटांना धक्का द्यायची.

अध्यक्ष जूनच्या चौथ्या दिवशी आले, नवतपा, म्हणजे वर्षातले सर्वांत तापलेले नऊ दिवस, नुकताच संपला होता. बरोबरचे दोघे ऊन पाहून हॉटेलातच थांबले. अध्यक्ष एकटे वर आले, तोंड लाल झालेलं. जिन्याच्या वळणावर आमचा कूलर उभा होता, वर चादर टाकलेली.

"हा बिघडलाय का?" त्यांनी विचारलं.

"नाही साहेब, चालतो. पण आज चालणार नाही."

मग त्यांनी ती मागणी केली जिची मला भीती होती. तुकडा आधीपासून पेटीत बसलेला त्यांना नको होता. माझ्यासमोर बाहेर काढा, मी बघतो, पुन्हा बसवा, म्हणाले. एकच तुकडा. तो गेला की सगळं गेलं. मी काकांकडे पाहिलं. काकांनी साफी भिजवली, कठड्यावर टाकली आणि श्रुतीला म्हणाले, "साहेबांना चहा दे."

त्या उन्हात गरम चहा पाहून अध्यक्ष चकित झाले, पण प्यायले. अर्धा कप झाला तेव्हा काकांनी साफी आणून त्यांच्या हातात दिली. ती कागदासारखी कडकडत होती. "आता उघडा," काका म्हणाले. तुकडा बाहेर आला, अध्यक्षांनी भिंगातून पाहिला, परत आत गेला. पंप सुरू झाला. मग तापवणं. बटण श्रुतीच्या हातात आणि काका तिच्या खांद्यामागे. "हळू. थांब जरा. त्याला श्वास घेऊ दे. आता थोडं." असं तीन तास. अध्यक्षांनी आधी कोट काढला, मग टाय. घाम त्यांनाही येत नव्हता, येत होता तो तिथेच वाळत होता. पेटीच्या काचेत नारिंगी ठिपका दिसला. एप्रिलमध्येही दिसला होता, म्हणून आमच्यापैकी कुणीच ठिपक्याकडे बघत नव्हतं. आम्ही मीटरकडे बघत होतो. काटा थरथरला, थांबला, आणि मग चढायला लागला. चढतच गेला. श्रुती "ताई" एवढंच म्हणाली. मी खिशातला कांदा इतका घट्ट धरला होता की हाताला वास दोन दिवस राहिला.

तो तुकडा वर गेला. वर्षभराने तो उपग्रहावर पेटला आणि अजून पेटतो. इंजिन चालवलं की कंपनीकडून श्रुतीला एक ओळीचा संदेश येतो. कपाटं वाचनालयात गेली. त्या जूनमध्ये परत निघायच्या आधी अध्यक्षांनी आमच्या कार्यपद्धतीचा मसुदा वाचला होता आणि एका ओळीवर बोट ठेवलं होतं. 'ओली साफी चहाचा कप संपायच्या आत वाळत असेल तरच पेटी उघडावी.' म्हणाले, "ही ओळ काढा, लोक हसतील." मी म्हटलं, "हसू द्या साहेब. ओळ राहील." राहिली.

परवा संध्याकाळी मी त्यांना उलट फोन केला. आवाज थकलेला वाटला. त्यांनी असेच उत्सर्जक बनवायला समुद्राकाठच्या शहरात नवी प्रयोगशाळा उभी केली आहे, सगळं चकचकीत. पण ओल काढायचं यंत्र दोनदा बिघडलं आणि चार तुकडे मेले. म्हणाले, "मॅडम, खरं सांगू? मी तो टॉवेलचा प्रयोगही करून पाहिला. इथे तो संध्याकाळपर्यंत वाळला नाही." मग त्यांनी विचारलं, उरलेले तुकडे ग्वाल्हेरला पाठवले तर तुम्ही तिथे बसवून द्याल का?

मी उद्या सांगते म्हटलं, कारण हे निकमकाकांना विचारल्याशिवाय ठरणार नव्हतं. काकांचं आता कॉलेजचा जिना चढणं बंद झालंय, दुकानाचा एक जिना तेवढा मुलाचा हात धरून चढतात. काल गेले तेव्हा ते दुकानात कव्हरांच्या मागे बसून होते. मी सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातली साफी काढून माझ्या हातात दिली.

"पाठवू नका म्हणावं, घेऊन या," ते म्हणाले. "मे महिन्यात, बारा वाजता. आणि आत्ताच सांगून ठेव, चहा मिळेल. कूलर नाही मिळणार."